वायर नसलेली गिटार

हिंदी सिनेमातला एक जुना विनोद तुम्हाला ठाऊक असेल. हीरोच्या हातात इलेक्ट्रिक गिटार असते, मागे पन्नास जण नाचत असतात, गिटार कडाडत असते.. आणि तिला वायरच नसते! वीज कुठून येते, आवाज कुठून येतो, देव जाणे. आम्ही शाळेत असताना व्हिडिओवर सिनेमे बघायचो तेव्हा "वायर शोध" हा आमचा आवडता खेळ होता. क्वचितच सापडायची.

आता थोडं वय झाल्यावर वाटतं की त्या विनोदात बराच इतिहास लपलेला आहे. आपल्याकडे गिटार दिसायची एका ठिकाणी आणि वाजायची दुसऱ्या ठिकाणी. दिसायची ती ऋषी कपूरच्या, तारिकच्या, झीनत अमानच्या हातात. वाजायची ती ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, कोणा शर्ट-पॅन्टमधल्या माणसाच्या मांडीवर. त्याच्या गिटारला वायर होती, पण त्याला चेहरा नव्हता. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं असत. गिटार कोणी वाजवली हे बहुधा नसेच.

मी दिंडोशीत राहतो. म्हणजे वायर नसलेल्या गिटारींच्या अगदी शेजारी. १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी, म्हणजे आपली फिल्म सिटी, आमच्या डोंगराला लागूनच आहे. लहानपणापासून आमच्या भागातली मुलं "शूटिंग बघायला" म्हणून तिकडे जात आली आहेत. आणि गेल्या महिन्यात मात्र याच दिंडोशीत मला वायर असलेली एक गिटार मिळाली. वापरलेली, जुनी, चाळीसेक वर्षांची. तिच्याबद्दल आणि तिच्यामुळे जे वाचलं-ऐकलं त्याबद्दल हे थोडंसं.

झालं असं की नागरी निवाऱ्यात राहणाऱ्या एका काकांनी घर आवरायला काढलं होतं. (नवीन वाचकांसाठी: नागरी निवारा म्हणजे मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, सरकारशी आणि कोर्टात भांडून, दिंडोशीच्या जमिनीवर साध्या माणसांसाठी उभी केलेली वसाहत. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) काका एका कंपनीत कारकून होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हे मला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं आम्ही एकाच दुकानातून दूध घेतोय! त्यांच्या पुतण्याकडून कळलं की काका गिटार विकताहेत. कॉलेजमध्ये मी साधी लाकडी गिटार थोडीफार वाजवली होती, म्हणून गेलो. काकूंनी चहा टाकला. काकांनी पलंगाखालून एक रेक्झिनची लांब पिशवी ओढली.

"बघ. चालते अजून. साडेतीन हजार दे. नाही घेतलीस तर भंगारवाला तीनशे देतोय."

असा सौदा असल्यावर घासाघीस कोण करणार?

पहिली जाणीव झाली ती वजनाची. लाकडी गिटार म्हणजे पोकळ डबा, उचलली की हातात काहीच नाही असं वाटतं. ही भरीव लाकडाची. पाटा उचलल्यासारखं वाटलं. रंग कडेला काळपट आणि मधे पिवळसर, उन्हाने पिकलेल्या पानासारखा. जिथे उजव्या हाताचं कोपर टेकतं तिथला रंग पूर्ण उडालेला, खालचं लाकूड गुळगुळीत झालेलं. वासही वेगळा. गंज, घाम, जुनं रेक्झिन आणि कसलंसं तेल. डोक्यावर, म्हणजे जिथे खुंट्या असतात तिथे, बनवणाऱ्याचं नाव असायला हवं. ते घासून गेलेलं. एखादं अक्षर उन्हात तिरकं धरलं की दिसल्यासारखं होतं, पण खात्री नाही.

"कलकत्त्याची आहे," काका म्हणाले. "म्हणजे मला सांगितलं तसं. मी पण सेकंडहँडच घेतली होती, एक्याऐंशी साली. धोबीतलावला. एक गोवेकर होता, आखातात नोकरी लागली म्हणून निघाला होता, त्याच्याकडून."

म्हणजे मी कमीत कमी तिसरा. आधी आणखी कोण होतं कुणास ठाऊक.

कलकत्ता ऐकून नवल वाटायला नको. भारतात गिटार बनवण्याचं मोठं केंद्र तेच. 'गिव्हसन' हे तिथलंच नाव, जगप्रसिद्ध अमेरिकन 'गिब्सन'पासून एका अक्षराच्या अंतरावर उभं राहिलेलं. :) पण हसण्याआधी जरा थांबू या. त्या काळात परदेशी गिटार मिळवणं म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटणार नाही. आयातीला परवाना लागायचा आणि वर भरमसाट जकात. १९९१ नंतर ते हळूहळू सैल होत गेलं, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध तर थेट १ एप्रिल २००१ ला संपले. त्याआधी चांगली परदेशी गिटार हवी तर मार्ग कोणते? बोटीवर काम करणारा कोणी ओळखीचा. आखातातला मेहुणा. किंवा इथे येऊन जाताना वाद्य विकून जाणारा परदेशी वादक.

धोबीतलाव हे या सगळ्याचं नाक. १८६५ पासूनचं फुर्टाडोज त्याच भागात. गोव्याच्या दर्यावर्दींची 'कुडं', म्हणजे गावागावाचे क्लब, तिथल्या जेर महालासारख्या इमारतींत. बोट लागली की माणूस तिथे उतरायचा, पुढची बोट मिळेपर्यंत राहायचा. काका म्हणतात की त्या भागात कोणाकडे काय आलंय ही बातमी दुकानाच्या आधी जिन्यावर कळायची. ज्यांना तेही परवडत नसे त्यांच्यासाठी कलकत्ता होतं. आज नावावरून हसायला सोपं आहे, पण कलकत्त्याच्या कारागिरांनी ते काम केलं नसतं तर गणपतीच्या मांडवात गिटार पोचलीच नसती.

आता थोडं मागे जाऊ. कारण ही गिटार हातात आल्यावर मी वाचायला लागलो आणि एक गोष्ट वाचून चाटच पडलो. आपण समजतो इलेक्ट्रिक गिटार म्हणजे रॉक, केस वाढवलेली पोरं, धूर वगैरे. पण बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती! १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजलिसमध्ये जॉर्ज बोशाम्प आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी ती काढली. अ‍ॅल्युमिनियमची, गोल अंगाची, लांब मानेची. लोकांनी तिला नावच पाडलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपला तवा. तिचं पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. ती होती हवाईयन गिटार, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. त्या काळी अमेरिकेत हवाईच्या संगीताचं वेड होतं, आणि मोठ्या बॅण्डमध्ये त्या नाजूक वाद्याचा आवाज ऐकू जात नव्हता. म्हणून वीज.

आणि गंमत म्हणजे भारतातही गिटार याच आडव्या वाटेने रुजली. सामोआ-हवाईचा टाऊ मो आणि त्याचं कुटुंब जगभर फिरत फिरत कलकत्त्याला आलं, चाळीसच्या दशकात तिथे राहिलंसुद्धा. त्या शहराला हवाईयन गिटारचा नाद लागला तो लागलाच. आपल्या कानाला ते वाद्य पटकन पटलं याचं कारण उघड आहे. कांडी सरकवली की मींड निघते! उभ्या गिटारीत पडदे असतात, स्वर तुटक येतात. आडव्या गिटारीत स्वरातून स्वरात घसरता येतं, आपल्या गाण्यासारखं. ब्रिजभूषण काब्रांनी तीच वाट शास्त्रीय संगीतात नेली आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर ती घराघरात पोचली.

मुंबईत विजेवरची हवाईयन गिटार म्हणजे व्हॅन शिप्ली. लखनौचा माणूस, मुळात व्हायोलिनवादक. सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या धुना वाजवलेल्या त्याच्या रेकॉर्ड्स एचएमव्हीने काढल्या, पुष्कळदा पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनच्या साथीने. २००८ साली तो मुंबईत वारला. तुमच्या घरी जुन्या तबकड्या असतील तर बघा, व्हॅन शिप्लीची एखादी निघेल. आणि ती निघाली तर नीट बघा, कारण वेष्टनावर गिटारवादकाचं नाव ठसठशीत छापलेलं असण्याचं ते दुर्मिळ उदाहरण आहे. गायक नसला की वादकाला नाव मिळतं, असा हा हिशोब!

उभी इलेक्ट्रिक गिटार सिनेमात जोरात आली ती साठच्या आणि सत्तरच्या दशकात. १९७१ चं 'दम मारो दम' आठवा. गाणं म्हटलं की आशाबाई, आर.डी., झीनत. पण सुरुवातीला अंगावर काटा आणणारी जी गिटार आहे ती भूपिंदर सिंग यांची. होय, तेच, गझला गाणारे, घोगऱ्या आवाजाचे. १९७३ च्या 'चुरा लिया है'च्या सुरुवातीची गिटारही त्यांचीच. २०२२ साली ते गेले तेव्हा बहुतेक बातम्यांत "ज्येष्ठ गायक" असं होतं. गिटार दुसऱ्या परिच्छेदात. 'दम मारो दम'मध्येच ट्रान्झिकॉर्ड वाजवणारे चरणजित सिंग सिनेमात गिटारही वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर रागांचा एक अल्बम केला. तो इथे कोणी विचारला नाही. जवळजवळ तीस वर्षांनी परदेशात तो पुन्हा निघाला आणि लोक थक्क झाले. २०१५ साली ते वारले.

आणि १९८० चा 'कर्ज'. "एक हसीना थी"ची ती गिटारची धून माहीत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पुनर्जन्माची अख्खी गोष्ट त्या धुनेवर लटकलेली आहे. पडद्यावर ऋषी कपूर. वाजवली गोरख शर्मांनी, प्यारेलालजींचे धाकटे बंधू. २०१८ मध्ये ते गेले. मी परवा कार्यालयात सात जणांना विचारलं. सातही जणांनी धून गुणगुणून दाखवली. नाव एकालाही सांगता आलं नाही.

ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतल्या वादकांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्ये लिहिलं. ज्यांनी आपलं बालपण वाजवलं त्यांना शोधायला इतक्या दुरून माणूस यावा लागला, याचं मला वाईटही वाटतं आणि त्याचे आभारही मानावेसे वाटतात.

सिनेमाबाहेरचं चित्र थोडं वेगळं होतं. तिथे वादक निदान दिसायचा. सिगारेट कंपनीने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि ७१ च्या तबकड्या आहेत, त्यात देशभरची कॉलेजची पोरं आहेत. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात वाजवूनही गेले. १९८६ पासून धोबीतलावच्याच रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागलं. आणि मराठी माणूस यात नव्हता असं अजिबात नाही बरं का! १९८४ साली सुरू झालेल्या 'रॉक मशीन'चा लीड गिटारिस्ट महेश तिनईकर. त्याच्याही आधी नंदू भेंडे, आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. पुलंनी ब्रेख्तवरून केलेलं 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये केलं, जब्बार पटेलांनी बसवलं, त्यात नंदू भेंडे गायला आणि संगीतातही त्याचा वाटा होता. मराठी रंगभूमीवर रॉकचा ढंग तेव्हाच येऊन गेला. सुदैवाने ही नावं नोंदलेली आहेत.

ज्यांची नोंद नाही ते लोक म्हणजे काका. ऑर्केस्ट्रावाले. एका बाजूला सिनेमाचे वादक, दुसऱ्या बाजूला रॉकवाले, आणि मधे ही शेकडो माणसं. दिवसा बँक, गिरणी, रेल्वे, पोस्ट. रात्री गणपती, नवरात्र, सत्यनारायण, कंपनीचं गॅदरिंग. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'सारखी नावाजलेली मंडळी होतीच, पण त्यांच्याखाली गल्लोगल्ली छोटे संच होते. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर नव्हता त्यांनी 'दम मारो दम' समोरासमोर ऐकलं ते यांच्याकडून.

"अ‍ॅम्प्लिफायर कोणता होता काका?" मी विचारलं.

"कसला अ‍ॅम्प्लिफायर! सुरुवातीला घरी रेडिओला लावायचो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोनसाठी भोक असायचं ना, त्यात. नंतर लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून एकाने बनवून दिला. प्रोग्रॅमला तर काय, मांडववाल्याचा अहुजा. गिटार, गायक, भटजी, सगळे एकाच भोंग्यातून."

हे ऐकून मला लिओ फेंडर आठवला. १९५४ मध्ये ज्याने स्ट्रॅटोकास्टर काढली, जिची नक्कल म्हणजे माझी ही गिटार आहे, तो कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती! गिटारच्या वायरला जी पिन असते ती तर मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका जोडण्या देताना वापरायच्या तीच. म्हणजे या वाद्याचं माहेर संगीताइतकंच दुरुस्तीच्या दुकानात आहे. काकांनी ती रेडिओला जोडली यात जुगाड काहीच नाही. ती अगदी घरंदाज पद्धत झाली!

घरी आणून मी ती छोट्या अ‍ॅम्पला जोडली. पहिला आवाज आला तो गिटारचा नव्हताच. हम्मम्म.. असा घुमारा. तारांखाली तीन पट्ट्या आहेत, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, दुसरं काही नाही. पण हे वेढे भाबडे असतात. तार आणि घरातली ट्यूबलाइट यांत फरक करत नाहीत. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा झुलते, ती झुलणीही ते इमानाने ऐकवतात. ५० चा स्वर काढून बघितला तर तो पेटीच्या पांढरी पाचच्या खालच्या सप्तकातला, किंचित चढा. अमेरिकेत वीज ६० वेळा झुलते, म्हणून तीच गिटार तिथे वेगळ्या स्वरात गुणगुणेल. म्हणजे आपल्या विजेची पट्टी पांढरी पाच! मुंबईच्या प्रत्येक मांडवात, निवेदकाच्या मागे, गाण्यांच्या मधल्या शांततेत, हा एकच स्वर पन्नास वर्षं चालू होता. कोणी तो ऐकला म्हणणार नाही, पण सगळ्यांनी ऐकलाय.

मग गिटार. खुंट्या सैल, दोन मिनिटांत स्वर उतरतो. आवाजाचं बटण फिरवलं की भाकरी भाजताना कोळसा तडतडावा तशी खरखर. तारा पडद्यांपासून इतक्या उंच की बोटं दुखली. पण आवाज! मधला पिकअप लावून एक साधा कॉर्ड वाजवला आणि घरात आई म्हणाली, "हे कुठेतरी ऐकलंय." कोणतं गाणं ते नाही, नुसता आवाज ओळखीचा. पातळ, धातूचा, थोडा नाकातला. आजच्या गुबगुबीत आवाजांसारखा नाही. गणपतीच्या चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला लांबून येणारा आवाज.

दुसऱ्या दिवशी उजेडात नीट बघत बसलो तेव्हा खरी गोष्ट सापडली. गिटारच्या मानेवरचे पडदे धातूचे असतात, सतारीचे असतात तसेच, फक्त हलत नाहीत. तारा दाबून दाबून त्यांना खाचा पडतात. जिथे जास्त वाजवलं तिथे खोल. या गिटारीत तिसऱ्यापासून सातव्या पडद्यापर्यंत सहाही तारांखाली खोल खाचा आहेत. बाराव्याच्या पुढे मात्र पडदे जवळजवळ कोरे. पहिल्या दोन पडद्यांवरही विशेष झीज नाही. नवशिका पहिल्या तीन पडद्यांत घुटमळतो. हीरो होऊ पाहणारा बाराव्याच्या पुढे जातो. हा मधेच का?

काकांना विचारलं तर हसले. "अरे, गायकाच्या पट्टीसाठी. आज हा गायक काळी एक, उद्या ती गायिका काळी चार. मोकळ्या तारांचे कॉर्ड सगळीकडे चालत नाहीत. पूर्ण बोट आडवं टाकून मधेच वाजवायचं, पट्टी बदलली की हात सरकवायचा. आमचं कामच ते. सोलो वगैरे कीबोर्डवाला घ्यायचा नंतर नंतर."

ते 'नंतर नंतर' महत्त्वाचं आहे. नव्वदच्या दशकात कीबोर्ड आला आणि एकटा माणूस गिटार, बासरी, व्हायोलिन सगळं वाजवायला लागला. मग गाणं सोडून बाकी सगळं आधीच मुद्रित केलेले 'मायनस वन' ट्रॅक आले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहाची वेळ पाळावी लागायला लागली. (नियम योग्यच आहेत, माझंही वय झालंय.) पण तीन तासांच्या कार्यक्रमाचे दीड तास झाले की आठ माणसांचं मानधन परवडत नाही. आधी गेला व्हायोलिनवाला, मग सॅक्सोफोन, मग गिटार. काकांचा शेवटचा प्रोग्रॅम २००३ चा.

हे साल त्यांना इतकं नेमकं कसं आठवलं? कारण वही आहे. रेक्झिनच्या त्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात वाण्याच्या चोपडीसारखी लांबट वही होती. एक्याऐंशीपासून प्रत्येक कार्यक्रम लिहिलेला. तारीख, ठिकाण, कोणता संच, बरोबर कोण कोण, गाण्यांची यादी, समोर पट्टी, आणि शेवटी मिळालेले पैसे. कुठे "पाकीट मिळाले नाही, फक्त शाल". एका ठिकाणी "पाऊस. शॉक लागला. पुढे वाजवले." बस्स, एवढंच. इतिहासकाराला आणखी काय हवं असतं?

"ही वही?" मी विचारलं.

"रद्दीत जाणार होती. घेऊन जा गिटारीबरोबर. तिच्यावाचून काय उपयोग तिचा?"

वहीत काकांचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही. पहिल्या पानावरही नाही. त्यांना म्हटलं तर म्हणाले, "माझीच वही, त्यात माझं नाव कशाला?" आणि मग जरा थांबून: "स्टेजवर निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा. गायक, मग ढोलकी, कारण ढोलकीला टाळ्या पडतात. गिटारशी येईपर्यंत पुढचं गाणं सुरू व्हायचं." तक्रारीचा सूर नव्हता. काकू मात्र आतून म्हणाल्या, "बावीस वर्षांत दोनदा घेतलं. मी मोजलंय."

आता माझ्यापुढे प्रश्न आहे तो असा. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला दाखवली. चांगला कारागीर आहे. तो म्हणतो, सगळे पडदे काढून नवीन बसवू, पिकअप बदलू, हम्म जाईल, रंग मारू, खुंट्या नव्या, एकदम झकास होईल. त्याचं चूक नाही. वाद्य वाजण्यासाठी असतं, काचेच्या कपाटासाठी नाही. झिजलेल्या पडद्यांवर काही स्वर खरंच फसकतात. पण ते पडदे काढले की मागे काय उरलं? नाव घासून गेलेलं एक लाकूड. ती तिसऱ्या ते सातव्या पडद्याची झीज ही बावीस वर्षांच्या नोकरीची सही आहे. कलकत्त्यातल्या कारागिराचं नाव गेलं, गोवेकराचं नाव काकांनाही आठवत नाही, काकांचं नाव वहीत नाही. लेखी पुरावा नाही, तर निदान धातूवरचा तरी राहू दे.

म्हणून सध्या खुंट्या बदलल्या, नव्या तारा चढवल्या, घोडी खाली घेतली, बटणांत औषध मारून खरखर घालवली. पडदे आणि पिकअप तसेच. हम्मही तसाच. जे स्वर फसकतात ते टाळून वाजवतो, आणि त्यामुळे आपोआप काकांच्याच जागांपासून जरा बाजूला सरकतो. हा मार्ग किती दिवस चालेल माहीत नाही. बहुधा दोन-तीन वर्षांत पडदे बदलावेच लागतील. तेव्हा जुने काढलेले एका पाकिटात ठेवीन, क्रमांक घालून.

वहीचं काम मात्र सुरू केलंय. रोज चार पानं टंकतो. त्यातली नावं बघता बघता लक्षात येतं की यातली निम्मी माणसं आमच्याच रेल्वेमार्गावरची आहेत. मालाड, गोरेगाव, कांदिवली, बोरिवली. कोणी रिक्षा चालवत असेल, कोणी नातवाला शाळेत सोडत असेल. यांच्याबद्दल पुस्तक येणार नाही. त्यांनी मूळ गाणी वाजवली नाहीत, दुसऱ्यांची वाजवली, असा एक आक्षेपही येईल. पण आपल्यापैकी कितीजणांनी मूळ गाणं स्टुडिओत बसून ऐकलं? आपल्यासाठी मूळ तेच, मांडवातलं, कर्ण्यातून आलेलं.

तेव्हा मंडळी, एक छोटंसं काम. तुमच्या इमारतीत, चाळीत, ओळखीत एखादा निवृत्त माणूस असेल ज्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे आहेत. त्याला विचारा, काय वाजवायचात, कोणाबरोबर, किती वर्षं. वही असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका. आणि ऐकून झालं की वर पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत, आधी त्याचं स्वतःचं नाव लिहून घ्या. तो नको म्हणेल. तरी लिहा.